कुपी सापडली, बाई सापडेना

महाड, सोमवार

महाडमध्ये थर्माकोलची पेटी घेऊन गाडीतून उतरलं की पहिला प्रश्न मासळीचा येतो. लॉजच्या मॅनेजरने तो विचारला, शेजारच्या रसवंतीवाल्याने विचारला, आणि पानटपरीवरच्या एका गृहस्थाने तर "पापलेट असेल तर दोन इकडं ठेवा" असं सांगून टाकलं. पेटीत मासळी नव्हती, कोरडा बर्फ आणि रिकाम्या कुप्या होत्या. ती सांभाळणारे गायकवाड पुण्याच्या एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहेत. त्यांनी तिघांनाही एकच खुलासा केला, "तापाच्या रुग्णांचं रक्त न्यायचंय." त्यानंतर मॅनेजरने आम्हाला वरच्या मजल्यावरच्या टोकाच्या खोल्या दिल्या. मासळी असती तर तळमजल्यावर सोय झाली असती.

आम्ही तिघे होतो. गायकवाड, त्याच प्रयोगशाळेतल्या विषाणूतज्ज्ञ डॉ. केतकी आणि बातमीसाठी सोबत गेलेला मी. त्यांची प्रयोगशाळा विषाणूंची बँक चालवते. बँक म्हणजे प्रत्यक्षात उणे ऐंशी अंशांवर घरघरणाऱ्या शीतकपाटांची एक खोली. कुठे साथ आली की रुग्णांचे नमुने तिथे येतात, साथ गेली तरी नमुने राहतात. पुढे कधी तसाच ताप आला की नवं रक्त जुन्याशी ताडून पाहतात. विषाणू तोच आहे की बदललाय, नव्याने आलाय की मुक्कामालाच होता, हे त्यावरून कळतं. नवी चाचणी तयार करायची तर ती ज्यावर चालवून पाहायची तो विषाणूही तिथूनच काढावा लागतो. साथ गेल्यावर माणसं ती विसरतात, प्रशासन माणसांच्याही आधी विसरतं. विसरण्याची सोय नसलेली एक तरी खोली असावी, म्हणून ही व्यवस्था.

आम्ही ज्या कामासाठी आलो होतो ते थोडक्यात असं. सहा वर्षांपूर्वी, म्हणजे महाडच्या महापुराच्या दोन वर्षं आधी, पोलादपूरच्या पलीकडे डोंगरात असलेल्या एका वाडीत उन्हाळ्यात ताप आला. डेंगी, मलेरिया, लेप्टो या सगळ्या चाचण्या निर्दोष निघाल्या. वाडीतली सुप्रिया उतेकर नावाची तरुण बाई दगावली. ताप कसला ते कळलं नाही. पावसाळ्यात तो आपणहून थांबला आणि चौकशीही थांबली. यंदा जानेवारीत त्याच वाडीत पुन्हा ताप आला. या वेळी यंत्रं सुधारली होती. रुग्णांच्या रक्तात गोचिडीच्या चाव्यातून येणारा एक विषाणू सापडला. मग कुणाला तरी बँकेची आठवण झाली. शीतकपाट उघडलं, आणि सहा वर्षांपूर्वीच्या एका कुपीत तोच विषाणू भरभरून मिळाला.

इथपर्यंत सगळं कौतुकास्पद होतं. पण कुपीवरच्या पट्टीवर लिहिलं होतं: मंगल खोपकर, स्त्री, वय २२, नाते.

नाते गाव महाडच्या उत्तरेला, रायगडाच्या वाटेवर आहे. ती वाडी दक्षिणेला, पोलादपूर ओलांडून डोंगरात. दोन्हींच्या मध्ये महाड शहर, औद्योगिक वसाहत आणि गाडीचा दीड तास. डॉ. केतकींच्या नकाशावर त्यामुळे दोन तांबडे ठिपके होते, आणि दोन ठिपके म्हणजे चिंता. गोचीड एसटीने प्रवास करत नाही, माणूस करतो. हा ताप माणसाकडून माणसाला लागतो की काय, अशी शंका एका अंतर्गत टिपणात नोंदवली गेली. टिपण गोपनीय होतं, त्यामुळे ते दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या मोबाईलवर पोचलं. औद्योगिक वसाहतीतल्या एका कामगार ठेकेदाराने त्याच दिवशी वाडीतल्या पाच बायकांना कारखान्याच्या गेटवर थांबवलं. रिपोर्ट येईपर्यंत कामावर यायचं नाही.

दुसरी अडचण अशी, की वाडीत दगावलेल्या सुप्रियाची कुपी बँकेत कुठेच नव्हती. म्हणजे एका बाईची कुपी होती, पण बाईचा पत्ता नव्हता. दुसरी बाई कोण ते ठाऊक होतं, पण तिची कुपी नव्हती. या दोन गोष्टी एकाशेजारी एक लिहून ठेवल्या तर एखाद्याला काही सुचलं असतं. आम्ही त्या दोन वेगळ्या फायलींत ठेवल्या होत्या.

मंगलची कुपी महाडच्या बाजारपेठेतल्या एका छोट्या खाजगी दवाखान्यातून आलेली होती. तो दवाखाना आता नाही. त्या गाळ्यात मोबाईलची कव्हरं मिळतात. दुकानदाराने आम्हाला भिंतीवर, स्वतःच्या डोक्याच्या बराच वर, महापुराच्या पाण्याची रेघ दाखवली. महाडमध्ये पाहुण्याला ती रेघ दाखवल्याशिवाय सोडत नाहीत. दवाखान्याची नोंदवही तळमजल्यावर होती, त्यामुळे तिचं काय झालं हे रेघेकडे पाहूनच कळलं. रक्त पुण्याला गेलं म्हणून वाचलं, कागद महाडला राहिला म्हणून गेला. एरवी आपल्याकडे याच्या उलट होतं.

वाडी, मंगळवार

वाडीत चोवीस घरं आहेत आणि चोवीसही उतेकरांची. त्यातली अर्धी घरं कुलपात असतात, माणसं मुंबईला. गाडी खालच्या वळणापर्यंत जाते, पुढे दगडी पायऱ्यांची पाखाडी चढावी लागते. गायकवाड पेटी घेऊन चढले आणि मधल्या पायरीवर बसून त्यांनी बर्फ किती उरला ते पाहिलं. झाकण उघडताच पांढरा धूर निघाला. गुरं घेऊन उतरणाऱ्या एका म्हाताऱ्याने गुरं बाजूला घेतली आणि आम्हाला भरपूर वाट दिली.

ज्या घरात सुप्रिया नांदत होती तिथेच आम्ही प्रथम गेलो. घरात सासू पारूबाई, थोरला मुलगा राजू आणि त्याची बायको वैशाली राहतात. सुप्रियाचा नवरा संतोष हा धाकटा. तो मुंबईत एका इमारतीवर वॉचमन आहे. राजूला जानेवारीत ताप येऊन गेला होता. तो बरा झाला होता, पण अजून बसल्या जागी दम लागत होता. वैशाली गेटवर अडवलेल्या पाच बायकांपैकी एक.

"या गो बाय, बसा," पारूबाई डॉ. केतकींना म्हणाल्या. "आमच्या घरचा च्या चालंल ना?"

"का नाही चालणार?"

"मागं एक सायेब आला होता. बाटलीतला पानी प्याला. जाताना मोकळी बाटली पन संगती घेऊन गेला."

चहा निव्वळ दुधाचा होता. पुण्यात असा चहा मिळाला तर यजमान श्रीमंत समजावा. इथे कारण वेगळं होतं. मोबाईलवर वाडीचं नाव आल्यापासून खालचा डेअरीवाला वाडीचं दूध घेत नव्हता, त्यामुळे चोवीस घरांत दुधाला तोटा नव्हता.

वैशाली गोळ्यांच्या पॅकिंगला होती. पाच वर्षं सकाळच्या बसने जात होती. "तिकडं डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, हातात मोजं," तिने सांगितलं. "डोळं सोडून माझं काय दिसत नाय. इथं म्हशीच्या गोठ्यात उघड्या हातानं शेन काढते, तवा कोनाला माझी काळजी नाय. आनि तिथं मुकादम म्हनतो, तुझ्यापासून पसरंल."

"रिपोर्ट आला की घेतो म्हणाला ना?" डॉ. केतकींनी विचारलं.

"शिमग्याच्या आत आला तर. आमच्या जागी तुडील गावच्या बाया लावल्यात. शिमग्यानंतर त्याच कायम. मॅडम, तुमचा रिपोर्ट येनार कधी?"

डॉ. केतकींनी खरं ते सांगितलं. सहा वर्षांपूर्वी जिला हा ताप झाला होता ती कुणात राहत होती, तिची उठबस ज्यांनी केली त्यांना ताप आला का, एवढं सिद्ध झालं की काम होईल. वाडीतल्या मागच्या वेळच्या रुग्णाची कुपी मिळत नाही, तीच खरी अडचण आहे.

"सुप्रियाची?" वैशाली म्हणाली. "तिचा रक्त घेतलेला की. महाडला. मीच धरली होती तिला. एवढी मोठी सुई."

गायकवाडांनी यादी पुन्हा पाहिली. वाडीतल्या त्या वेळच्या कुप्या तिच्यात होत्या. सुप्रिया गेल्यानंतर आरोग्य शिबिर झालं होतं, त्यात घरच्या चौघांचं रक्त घेतलं होतं. पारूबाई, राजू, वैशाली, संतोष. सगळी नावं होती. "सुप्रिया नाही," गायकवाड म्हणाले.

"म्हंजे माझा हाय आनि तिचा नाय? मी तर जित्ती हाय. माझा ठेवून काय करनार?"

"तुमचंही उपयोगाचं आहे."

"सहा वर्षं ठेवलाव आनि सांगितलाव नाय. ब्यांकवाला निदान मेसेज तरी पाठवतो."

पारूबाईंनी भिंतीवरचा लग्नातला फोटो काढून डॉ. केतकींच्या हातात दिला. "सातच महिनं नांदली. सहाव्या दिवशी गेली तापाच्या. ही उशाशी होती सारखी," त्यांनी वैशालीकडे बोट दाखवलं. "मी म्हनत होते, लांब बस. ऐकते कोनाचा?"

डॉ. केतकींनी वहीत 'सुप्रिया उतेकर, नमुना गहाळ' असं लिहिलं. त्यांच्या पिशवीत दुसऱ्या फायलीत मंगल खोपकरचं नाव होतं. ते त्यांनी उच्चारलं नाही. एका रुग्णाचं नाव-गाव दुसऱ्या गावात सांगायचं नाही असा नियम आहे. नियम चांगला आहे आणि त्या दिवशी तो काटेकोर पाळला गेला. त्याची किंमत आम्ही तीन तासांचा प्रवास करून मोजली.

घरातल्या तिघांचं रक्त घेऊन झालं. राजू गेल्या महिन्यात कुठे कुठे गेला होता ते डॉ. केतकींनी विचारलं. तो रानात कवळ तोडायला गेला होता. शेत भाजण्यासाठी झाडांच्या फांद्या तोडून आणतात, त्याला इथे कवळ म्हणतात. वाडीत ताप आलेले इतर दोघेही त्याच कामाला गेले होते. पारूबाई एवढ्यात गोठ्यात जाऊन आल्या आणि त्यांनी मूठ उघडली. तळहातावर टरारून फुगलेली गोचीड होती. "ही पन न्या. म्हशीची हाय." गायकवाडांनी ती कुपीत घातली. वाडीतून मिळालेला तो एकमेव नमुना असा, की ज्याच्यासाठी संमतीपत्र लागलं नाही.

जेवायला नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी आणि सुकटीची चटणी होती. गायकवाडांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. उतरताना पेटी जड झाल्याची तक्रार त्यांनी केली. पेटीत भर पडली होती ती चार छोट्या कुप्यांची.

नाते, बुधवार

नात्यात खोपकरांची एक आळीच आहे. आम्ही मंगल खोपकरची चौकशी सुरू केली आणि दहा मिनिटांत गावाला खात्री पटली, की बायकांच्या कुठल्यातरी योजनेची तपासणी आली आहे. एका घरातल्या बाई म्हणाल्या, मंगल नाव इथं कुणाचं नाही, पण मंगलच हवी असेल तर आमच्या सुनेचं लावा, तिचं नाव यादीत राहिलंय. दुसऱ्या घरी खरोखरची मंगल होती. ती पंचावन्न वर्षांची होती, तिला आयुष्यात कधी ताप आला नव्हता आणि याचा तिला अभिमान होता. तिने आम्हाला कोकमाचं सरबत दिलं आणि योजनेचा फॉर्म मागितला.

अकराच्या सुमाराला यमुनाबाई भेटल्या. आळीच्या टोकाला त्यांचं घर, आणि शेजारी एक कुलूपबंद घर. त्या पडवीत वाल निवडत होत्या.

"तुका खोपकराची मंगल? ती गेली ना. सहा वर्षं झाली."

डॉ. केतकी पडवीच्या कडेला बसल्या. "तापाने?"

"तापानंच. आईबाप मंग हितं राह्यलं नाय. पोराकडं गेलं मुंबईला."

"तेव्हा या घरात कोण कोण होतं? तिच्याजवळ कोण राहत होतं?"

यमुनाबाईंनी हातातला वाल सुपात टाकला आणि तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "हितं कशाला कोन ऱ्हाईल तिच्याजवळ? सासरी गेली ती. लग्न झाल्याला होता तिचा."

"सासर कुठलं?"

"पोलादपुराच्या पल्याड. डोंगरात." त्या आत गेल्या आणि पत्र्याच्या ट्रंकेतून लग्नपत्रिकांचा जुडगा घेऊन आल्या. आळीत झालेल्या प्रत्येक लग्नाची पत्रिका त्यांनी ठेवली होती. नोंदवही बुडाली तरी महाड तालुक्यातले काही दस्त असे कोरड्या जागी आहेत, याची आरोग्य खात्याला कल्पना नसावी. तिसरी पत्रिका गुलाबी होती. त्यांनी ती पुढे केली. चि. सौ. कां. मंगल आणि चि. संतोष. वराकडचं आडनाव उतेकर. खाली वाडीचं नाव.

डॉ. केतकींनी पत्रिका दोनदा वाचली आणि गायकवाडांकडे दिली.

"सासरी नाव बदलला तिचा," यमुनाबाई सांगत होत्या. "काय बरं ठेवल्याला? पिक्चरमधल्या नटीवानी कायतरी."

"सुप्रिया," डॉ. केतकी म्हणाल्या.

"त्येच."

आधार कार्ड माहेरचं, लग्नाला सात महिने झालेले, ताप चढलेला. दवाखान्यातल्या माणसाने कार्ड पाहिलं आणि पट्टी लिहिली. त्याचं काही चुकलं नव्हतं. नकाशावर नात्याचा ठिपका ज्याने टाकला त्याचंही नव्हतं. ताप नात्यापर्यंत पोचला म्हणून जी धावपळ झाली, वाडीचं दूध बंद झालं, पाच बायका घरी बसल्या, ते सगळं त्या कार्डावरून झालं होतं. विषाणू सहा वर्षं उणे ऐंशीवर जसाच्या तसा राहिला होता. बाईचं नाव मात्र मांडवातल्या अर्ध्या तासात बदललं होतं, आणि ही शक्यता आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आली नव्हती.

गायकवाडांनी घसा साफ केला. "मॅडम, आमच्या मंडळींचंही बदललंय. ताटात तांदूळ पसरून अंगठीने मीच लिहिलं होतं."

"आधीचं काय होतं?"

गायकवाडांना ते आठवायला वेळ लागला.

वाडी, गुरुवार

डॉ. केतकींनी आदल्या दुपारीच संतोषला फोन केला होता. मेलेल्या रुग्णाचं रक्त तपासणीसाठी वापरायचं आणि घरच्यांच्या रक्ताशी जोडून पाहायचं, तर जवळच्या नातेवाइकाची सही लागते. संतोष सकाळच्या एसटीने उतरला, वॉचमनचा निळा शर्ट घालूनच. रजा एकाच दिवसाची मिळाली होती.

वैशालीला सगळं कळलं तेव्हा तिने आधी कपाळावर हात मारला आणि मग ती हसली.

"परवा इथं बसून दोन कप च्या पिलाव. मंगल कोन, एवढा जरी इचारला असताव तरी मी सांगितला असता. लग्नात तिच्या शेजारी मीच उभी होते."

"नाव सांगायची परवानगी नव्हती," डॉ. केतकी म्हणाल्या.

"कोनापासून लपवत होताव? आमच्यापासून? आनि मोबाईलवर वाडीचा नाव आला त्याला परवानगी होती?"

डॉ. केतकींनी संमतीपत्र काढून संतोषपुढे ठेवलं. मग वैशालीच पुढे म्हणाली, "माझा पन नाव वैशाली नाय. मी अनुसया. आधारवर बदलायला दोनदा पोलादपूरला गेले. दोनदा मशीन बंद. तिसऱ्यांदा झाला. नायतर मी पन तुमच्या फ्रीजमधे म्हायेरीच बसले असते."

गायकवाडांनी यादी काढली आणि वाडीतल्या सगळ्या बायकांच्या नावांपुढे पेन्सिलने प्रश्नचिन्हं टाकली. पुरुषांच्या नावांपुढे एकही टाकावं लागलं नाही.

संतोष संमतीपत्र वाचत होता. ते चार पानी होतं आणि समजायला सोपं असावं म्हणून तज्ज्ञांच्या समितीने लिहिलेलं होतं. पहिल्या पानावर तो थांबला.

"तिचा रक्त अजून हाय?"

"आहे."

"किती?"

"दोन चमच्यांच्याही आत. त्यातलं निम्मं वापरावं लागेल."

"मला वाटला, जाळली तवा सगळाच गेला." त्याने कागद मांडीवर ठेवला. "त्या उन्हाळ्यात मीच नेली होती तिला कवळ तोडायला. ती म्हनाली, मला रान बघायचा हाय. तिथंच लागला का ते?"

डॉ. केतकी म्हणाल्या की खात्रीने सांगता येणार नाही, पण शक्यता तीच आहे. हे वाक्य त्यांनी आधी तयार केलं होतं की नाही, ते मला माहीत नाही. संतोषने मान हलवली.

"मंग लिवा तसा. रानातला हाय म्हनून लिवा. वहिनीचा काम तरी चालू होईल."

मृताचे नाव, या रकान्यात त्याने मंगल लिहिलं. मग थोडं थांबून त्याच्यापुढे सुप्रिया लिहिलं. रकाना लहान होता. दुसरं नाव रेघेबाहेर गेलं. पारूबाईंनी त्याला जेवून जा म्हटलं, पण दुपारची एसटी चुकली असती.

महाड, तीन आठवड्यांनी

रिपोर्ट शिमग्याच्या चार दिवस आधी आला. डॉ. केतकी तो पोचवायला स्वतः आल्या, गायकवाड या वेळी पेटीशिवाय आले आणि लॉजवाल्याने त्यांना तळमजल्यावरची खोली दिली. मीही गेलो.

निष्कर्ष स्वच्छ होता. सहा वर्षांपूर्वीच्या कुपीतला विषाणू आणि जानेवारीतला विषाणू जवळजवळ एकच. तो नवा नव्हता, त्या रानात आधीपासून होता. रुग्णाच्या घरातल्या चौघांच्या त्या वेळच्या रक्तात त्याची खूण नव्हती. त्यांपैकी एक जण सहा दिवस रुग्णाच्या उशाशी बसलेली होती. आताच्या तपासणीतही घरच्या दोन्ही बायका निर्दोष होत्या, आणि ताप रानात गेलेल्यांनाच झाला होता. हा ताप गोचिडीमुळे होतो, माणसाकडून माणसाला जात नाही. नकाशावर आता एकच ठिपका होता. सहा वर्षांपूर्वी वैशालीच्या दंडातून काढलेलं रक्त हाच तिच्या बाजूचा मुख्य साक्षीदार ठरला होता.

औद्योगिक वसाहतीत दुपारच्या पाळीच्या आधी आम्ही कारखान्याच्या गेटवर पोचलो. वैशाली डबा घेऊनच आली होती. बसमधून माणसं उतरत होती, मोटारसायकली लागत होत्या. ठेकेदाराचा मुकादम टपरीजवळ खुर्ची टाकून हजेरी घेत होता. त्याने रिपोर्ट घेतला, उलटून मागची बाजू पाहिली, मग पुढची वाचली.

"यात वाडीचा नाव कुठाय?"

रिपोर्टमध्ये 'तालुक्यातील एक दुर्गम वस्ती' असं लिहिलेलं होतं. डॉ. केतकींनी समजावलं, "ते मुद्दामच घातलेलं नाही. नाव बाहेर गेलं की वस्तीला त्रास होतो. रुग्णांचीही नावं नाहीत, फक्त क्रमांक आहेत."

"मॅडम, तुमचा बरोबर. पन मी शेठला काय दाखवू? कुठल्यातरी वस्तीचा ताप पसरत नाय. आनंद हाय. ही त्याच वस्तीतली कशावरून?"

"मी सांगते आहे ना."

"कागद काय सांगतो ते बघायचा. मानसाचा काय, आज एक बोलंल."

नाव लपवायचा नियम ज्यांच्या भल्यासाठी होता त्यांच्यातलीच एक बाई डबा घेऊन समोर उभी होती, आणि नियम वाकवायची डॉ. केतकींना मुभा नव्हती. त्यांनी फोन काढला आणि पुन्हा पर्समध्ये ठेवला.

वैशाली पुढे झाली. "दादा, मला काढलीत कशापायी?"

"तुझ्या वाडीचा नाव आल्याला होता."

"कुठं?"

"मोबाईलवर. सगळ्यांनी बघितला."

"म्हंजे वाडीचा नाव होता म्हनून मी बाहेर."

"हां."

"आनि आता या कागदावर नाव नाय म्हनून पन मी बाहेर? एक कायतरी धरा. नाव असल्यावर काढताव, तर नाव नसल्यावर घ्या."

टपरीवर चहा पिणारे दोघे हसले. मुकादमाने त्यांच्याकडे पाहिलं तसे ते थांबले. त्याने कागद पुन्हा वाचला. त्याच वेळी तुडीलची बस आली आणि तिच्यातून तीनच बायका उतरल्या. बाकीच्या दोघी शिमग्याच्या साफसफाईसाठी घरी राहिल्या होत्या. मुकादमाने हजेरीवर नजर टाकली, आत पॅकिंगकडे पाहिलं आणि शेठला फोन लावला. तो बाजूला जाऊन बोलला. त्यातले 'शिक्का हाय' आणि 'पुण्याचा हाय' एवढे शब्द आम्हाला ऐकू आले. विषाणू, गोचीड, सहा वर्षांची कुपी, यांपैकी कशाचाही उल्लेख झाला नाही.

परत येऊन त्याने गेटपास लिहायला घेतला. "नाव?"

"वैशाली राजू उतेकर. आनि बाकीच्या चौघींचा काय?"

"त्यांचा कागद कुठाय? हा एकच हाय."

"हाच त्यांचा पन."

"कागद एक, मानूस एक."

वैशाली डॉ. केतकींकडे वळली. "मॅडम, याची झेरॉक्स काढली तर चालंल? नावच नाय त्याच्यावर, कोनाची पन होईल."

डॉ. केतकी म्हणाल्या, चालेल. गायकवाड नाक्यावरच्या दुकानात जाऊन पाच प्रती काढून आले. पाळीचा भोंगा झाला तेव्हा वैशाली आत गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने पाचजणी आल्या, प्रत्येकीच्या हातात एक प्रत. मुकादमाने पाचही प्रतींवर शिक्का मारला आणि त्या फायलीला लावल्या. त्यांवर पाचजणींपैकी कुणाचंही नाव नव्हतं, वाडीचं नव्हतं, मंगलचं नव्हतं आणि सुप्रियाचंही नव्हतं.